चौथा खड्डा

चौथा खड्डा मी भरला होता, सुखदेव.

हे आधीच लिहून टाकतो. माझी सवय तुला ठाऊक आहे. मी लांबून सुरुवात करतो, वाटेत चार माणसांना हसवतो, आणि जिथं पोचायचं त्याच्या अलीकडच्या स्टेशनावर उतरून घरी जातो. तिकीट पांढुर्ण्याचं काढायचं आणि तिगावलाच उतरायचं, असा माझा जन्मभराचा प्रवास. आज तसं करायचं नाही, म्हणून शेवटचं वाक्य पहिलं घेतलं.

तुला जाऊन अठरा दिवस झाले. मैदान समितीला यंदाच्या सामन्यांच्या स्मरणिकेत तुझ्यावर चार ओळी हव्या आहेत. अध्यक्ष म्हणाले, "मास्तर, तुमी लिहा, तुमचा तो दोस्त होता." मी लिहिल्याही. मितभाषी, कर्तव्यदक्ष, आपल्या स्टेडियमचा आधारस्तंभ. वाचून पाहिलं आणि तू समोर उभा राहिलास. स्तंभ म्हटलं की तू कुदळ हिसकायला धावायचास, आणि मी तुलाच स्तंभ करून ठेवला. कागद फाडला. आता हे लिहून राहिलो. छापायचं तर समितीनं हेच छापावं, नाही तर ते पान कोरं सोडावं.

बाहेरच्या माणसाला आपलं स्टेडियम दाखवायला नेलं की तो आधी इकडेतिकडे पाहायचा आणि मग विचारायचा, कुठं आहे? एका अंगाला सात दगडी पायऱ्या, बाकी तीन अंगांना तारेचं कुंपण आणि बाभळी, मधे तुझी माती. पण आपण स्टेडियमच म्हणायचो. शेजारच्या सौंसरचं कुणी जवळ असलं तर जरा जोरात म्हणायचो. सकाळी पोट्टे धावायचे, दुपारी कबड्डी, हिवाळ्यात व्हॉलीबॉल. आणि थंडी सरत आली की तिथंच ऑर्केस्ट्रा, कव्वाली, भजन, भीमगीतं. पांढुर्ण्यात पाच हजार माणसं एका जागी बसवायची तर दुसरी जागा नव्हती. खेळ आणि गाणं एकाच मातीवर नांदत होते, सवतींसारखे. त्या दोघींच्या मधे तू आणि मी. मैदान तुझ्याकडे, मैदानाची वही माझ्याकडे. तू समितीचा रोजंदारीवरचा माणूस, मी शाळामास्तर आणि समितीचा बिनपगारी चिटणीस. शाळेत एका टाटपट्टीवर बसून शिकलो होतो, म्हणून तू मला सगळ्यांसमोर मास्तर म्हणायचास आणि कुणी नसलं की भैताड.

आपलं भांडण वीस वर्षं एकच होतं. मी कार्यक्रम घेऊन आलो की तू विचारायचास, "खांब कोठी गाडणार?" गायक कोण, कुठून येतो, किती वाद्यं, काही नाही. खांब कोठी. मी म्हणायचो, अरे गाण्याला पाच हजार माणूस येतं, तुझ्या कबड्डीला पाचशे. त्यावर तुझं ठरलेलं उत्तर होतं.

"पाच हजार येतेत अन् एका सांजेत जातेत. हे पाचशे रोज येतेत. तुह्या घरी मांडोवाचे खांब तू सैपाकघरात गाडतं का बे?"

पण गाडायचेच झाले तर तुझ्यासारखे खांब कुणी गाडले नाहीत. दोरीनं मापून, कबड्डीच्या पाटीपासून, म्हणजे खेळायच्या चौकोनापासून दूर, दारालगतच्या मुरमात. खड्डा खोदला की त्याची माती ढिगावर नाही टाकायची. वरची माती एका पोत्यात, खालची दुसऱ्या पोत्यात, पोत्यावर खडूनं खड्ड्याचा नंबर. कार्यक्रम संपून खांब निघाले की ज्या खड्ड्याची माती त्याच खड्ड्यात, खालची खाली, वरची वर, वीतभर थर आणि त्यावर पाणी, मग धुमस, मग पुन्हा वीतभर. एक खड्डा भरायला तुला अर्धा तास लागायचा. मी पायरीवर बसून तुला चिडवायचो, की सुखदेव, माणसाला पुरतानासुद्धा एवढी माया कुणी करत नाही. तू धुमस आपटत म्हणायचास, माणूस काय फिरून उठून खेळते का. चौदा एप्रिलच्या कार्यक्रमाला तर वाटायचं, निदान त्या दिवशी तरी हा हात मोकळा सोडेल. उलट त्या दिवशी तुझी दोरी दुप्पट कडक असायची. तुझ्या वस्तीतल्या पोरांनी स्टेज मैदानाच्या बरोबर मधोमध मागितलं होतं. तू म्हणालास, बाबासाहेबांनी मधोमध उभं राहायले सांगतलं, मधोमध खोदाले नाही.

आणि तरी तुझ्याइतकं गाणं या मैदानावर कुणाला कळलं? सातव्या पायरीवर, डावीकडच्या टोकाला, गुडघ्यांवर हात ठेवून तू बसायचास. मला तूच दाखवलंस की तिथं बसलं की आवाज अर्धा श्वास उशिरा पोचतो, एकदा स्टेजकडून येतो आणि एकदा बाभळींकडून. मी म्हटलं होतं, म्हणजे एका तिकिटात दोनदा. तू हसला नाहीस. "दुसऱ्यांदा येते तेच खरं असते," एवढंच म्हणालास. मी त्या वेळी मान डोलावली होती, आणि समजलो काहीच नव्हतो.

दुसरं भांडण तिथीचं. आपल्या गावाच्या भिंतींवर दोन पंचांगं असतात, एक नागपूरकडचं, एक भोपाळकडचं. मराठी महिना अमावास्येला संपतो, हिंदी महिना पौर्णिमेला. शुद्ध पक्षात दोघांचं गोडीगुलाबीनं चालतं, वद्य लागला की ते आपल्या एक महिना पुढं निघून जातात. आपल्या माघ वद्यात त्यांचा फाल्गुन चालू असतो. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मला तर ठाऊक असणं कामाचाच भाग होता. तू कितीदा म्हणालास, वहीत तारीख लिहीत जा. मी ऐटीत सांगायचो, की धार्मिक कार्यक्रम तिथीनंच धरतात, मंडळींच्या भावना असतात. तुझं उत्तर, "मले तारीख सांग. तिथी तुही तू ठेव. माह्या बापानं ते सारं नागपुरात सोडून देल्लं, अन् तू मले फिरून शिकवून राहिला." मी हसलो होतो. वहीत तिथीच लिहीत राहिलो.

मग नर्मदेकडच्या त्या मोठ्या भजनमंडळींचं पत्र आलं. हिंदीत. फाल्गुन कृष्ण पंचमी को पधारेंगे. मी वाचलं आणि खूश झालो, वा, रंगपंचमीला भजन. वहीत फाल्गुन वद्य पंचमीवर लिहिलं, होळीनंतरची. शाळेत भिंतीवर भोपाळकडचं पंचांग होतं, पण त्याच खिळ्याला मी माझा कोट टांगत असे. कोट उचलून पाहावं असं मला वाटलं नाही. त्यांची फाल्गुन कृष्ण पंचमी ती आपली माघ वद्य पंचमी. आणि त्याच दिवशी, तारखेनं ठरवलेला, तू स्वतः ठरवलेला, कबड्डीचा अंतिम सामना होता. पांढुर्णा विरुद्ध सौंसर.

विश्वचषक जिंकल्यापासून पोट्टे क्रिकेटवेडे झाले होते, कबड्डीला कोण येणार म्हणून तू धास्तावला होतास. म्हणून त्या सामन्यासाठी तू महिनाभर मैदान जपलं होतंस. काळी माती उन्हानं भेगाळते म्हणून जाम नदीची रेती चाळून मिसळली, रोज सकाळी पाणी मारलं. मैदान असं झालं होतं की अनवाणी चालताना आपोआप हळू चालावं.

त्या सकाळी तू रेषांसाठी चुना आणायला तिगावला गेला होतास. मी एकटा होतो. दारात ट्रक येऊन उभा राहिला, बल्ल्या, फळ्या, कर्णे, सतरंज्या. मांडववाला उतरून म्हणाला, मास्टरजी, शाम का प्रोग्राम है, मंडली दोपहर की गाड़ी से आ रही है, खंभे कहाँ गाड़ें? मी वही उघडली. मग पत्र उघडलं. मग शाळेत जाऊन कोट उचलला.

एखाद्या शहाण्या माणसानं काय केलं असतं? तुझी वाट पाहिली असती. मी काय केलं ते लिहितो. मी घाबरलो की माझा चेहरा प्रसन्न होतो, हा माझा जुना रोग. प्रसन्न चेहऱ्यानं मी हात लांब केला आणि म्हटलं, वहाँ, बीच में, सब को दिखेगा. मला वाटलं सामना कुठंतरी बाजूला उरकता येईल. बाजूला म्हणजे कुठं, हे मैदान वीस वर्षं पाहूनही मी मनात मोजलं नाही.

तू आलास तेव्हा चार खड्डे झाले होते, दोन-दोन हात खोल, कबड्डीच्या पाटीच्या पोटात, आणि चारींची माती एका ढिगात. तू चुन्याचं पोतं खाली ठेवलंस. पळाला नाहीस. चालत आलास, ढिगाकडे पाहिलंस, मग माझ्याकडे.

"कोणं सांगतलं खोदाले?"

"मी."

तू भैताडसुद्धा म्हणाला नाहीस. तेव्हाच मला कळायला हवं होतं. मांडववाल्याला तू दारालगतची मुरमाची जागा दाखवलीस, दोरी टाकून दिलीस, तो कुरकुरत बल्ल्या घेऊन तिकडे गेला. सामना तीनला. तू धुमस काढलीस, बादली भरलीस आणि भरायला बसलास. पहिला खड्डा, दुसरा खड्डा. उन्हं वर चढत होती, सौंसरची माणसं ट्रॅक्टरमधून यायला लागली होती, पायऱ्या भरत होत्या. तू तिसऱ्यावर होतास. मी म्हटलं, चौथा मी भरतो.

"तू हो बाजूले. तुले हे जमत नाही."

"अरे एक तर खड्डा आहे."

माझ्याकडे धुमस नव्हती, पाण्यासाठी विहिरीपर्यंत जावं लागलं असतं. मी सगळी माती एकदम लोटली आणि वर चढून नाचलो. खरंच नाचलो, सुखदेव. पायऱ्यांवरून कुणी तरी शिट्टी मारली, मी दोन गिरक्या जास्त घेतल्या, पाचशे माणसं हसली. मग फळीनं वरचा पापुद्रा सारखा केला, त्यावर चाळलेली माती भुरभुरली. दिसायला चारींत सगळ्यात सुंदर खड्डा माझा होता. तू तिसरा आटपून आलास, त्यावर एकदा पाहिलंस, पाय उचललास दाबून पाहायला, तेवढ्यात पंचांनी तुला रेषा मारायला हाक दिली. तू गेलास. तो उचललेला पाय मला अजून दिसतो.

प्रभाकर सौंसरचा सगळ्यात चपळ गडी. उत्तरार्धात तो चढाईला आला, आपल्या कोपऱ्यातल्या गड्याला शिवला आणि मधल्या रेषेकडे वळला. डावा पाय टेकला तो घोट्याच्या वरपर्यंत आत गेला, आणि अंग पुढं निघून गेलं. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला नाही. पायऱ्यांवरची सगळी माणसं एकदम उठली, तो ऐकू आला.

आपल्या गावाला जखमा नव्या नाहीत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जामच्या दोन्ही काठांवरून आपण आणि सावरगाव एकमेकांना गोटे मारतो, पण कोणता गोटा कुणाचा हे कुणी विचारत नाही. खड्डा कुणाचा, हे मात्र विचारतात. प्रभाकरला जीपमधून नेल्यावर समिती तिथंच पायऱ्यांवर बसली. खालून सौंसरवाले ओरडत होते. अध्यक्षांनी विचारलं, मैदान मोकळं आहे असं भजनवाल्यांना कुणी कळवलं, मधे खोदायला कुणी सांगितलं, खड्डे कुणी भरले. तीन प्रश्न आणि एकच उत्तर, आणि ते उत्तर तुझ्या शेजारी उभं होतं. मी तोंड उघडलं. तू खालच्या आवाजात म्हणालास,

"तू गप राह्य. तू बोलला का लोक हासतेत. आज हासाचा दिवस नोय."

आणि आवाज चढवून सगळ्यांना, "मीच सांगतलं. भरले बी मीच."

मांडववाल्यानं तुझ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्याला संध्याकाळचं स्टेज उभं करायचं होतं म्हणून निघून गेला. समितीला प्रश्न पडला नाही. ज्या माणसानं उभ्या जन्मात तिथी उच्चारली नाही, त्यानं तिथीत घोटाळा केला, हे सगळ्यांना एका क्षणात पटलं. का पटलं ते तुला ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. पंचांग मास्तराचं असतं आणि चूक कुदळवाल्याची, असं या गावाच्या हाडात बसलेलं आहे. मी त्या गावाचाच. मी गप राहिलो.

तू म्हणाला होतास, आज गप राह्य. आज. तो आज मी चार वर्षं ताणला.

त्याच दिवशी सांगायची जागाही मिळाली होती रे. संध्याकाळी भजन झालं, पाच हजार माणूस बसलं. मंडळींची ओळख करून द्यायला माइकवर मीच. उद्यापासून तुझं काम बंद, हे तोवर ठरून गेलं होतं, तरी सतरंज्या तूच अंथरल्यास आणि मग सातव्या पायरीवर जाऊन बसलास. लोक दुपारच्या प्रकारानं आखडले होते. मला वाटलं, वातावरण मोकळं केलं पाहिजे. म्हणून मी आदल्या वर्षीची गोष्ट सांगितली, प्रमुख पाहुण्यांचा हार मी त्यांच्या ड्रायव्हरच्या गळ्यात घातला होता ती, कारण ड्रायव्हरची इस्त्री जास्त कडक होती. पाच हजार माणसं हसली. हसू बाभळींवरून परतून सातव्या पायरीवर अर्धा श्वास उशिरा पोचलं असेल. गुडघ्यांवर हात ठेवून तू बसला होतास. माझ्या हातात माइक होता.

त्यानंतर तू संत्र्यांच्या आडतीवर लागलास. दिवसभर पेट्या ठोकायच्या, गवत भरायचं. मी भेटायला यायचो, नवी फजिती घेऊन. वर्गात डस्टर समजून चपातीनं फळा पुसला, ते. सायकलला कुलूप लावून किल्ली टोपलीत ठेवून आलो, ते. तू खिळे तोंडात धरून ऐकायचास. मला वाटायचं, तोंडात खिळे आहेत म्हणून बोलत नाही. कधी गोष्ट संपली की तू खिळे हातात काढून विचारायचास, "अजून काही?" मी म्हणायचो, अजून काय, आपलं हेच. तू खिळे परत तोंडात घालायचास.

सामन्यांना तू पुन्हा कधी आला नाहीस. पण कार्यक्रम एकही चुकवला नाहीस. ऑर्केस्ट्रा असो, कव्वाली असो, सातव्या पायरीवर हजर. मी तर गावात सांगत सुटलो होतो, बघा, वीस वर्षांचं भांडण मी जिंकलं, सुखदेव शेवटी गाण्याच्या बाजूला आला.

शेवटचा भेटलो तेव्हा तू अंगणात खाटेवर होतास. छातीत पाणी झालेलं, एक वाक्य दोन दमांत. मी नेहमीसारखा काही तरी घेऊन आलो होतो, पण तू मला सुरूच होऊ दिलं नाहीस. विचारलंस, मैदानात आता खड्डे कोण भरते. मी म्हटलं, जो खोदतो तो, कधी भरतो, कधी नाही. खरं तर कुणीच भरत नाही, सुखदेव. मागच्या ऑर्केस्ट्राचे खांब मधोमध गाडले होते, पावसात तिथं डबकी साचली, कबड्डीची पाटी आता कुंपणाला चिकटून मारतात आणि पोट्टे पडले की तारेत जातात. हे मी तुला सांगितलं नाही.

तू बराच वेळ दम घेतलास. मग म्हणालास, "पाणी टाकल्याशिवाय माती बसत नाही, मास्तर. वरून कितीबी चोपडी दिसो."

दार तूच उघडून दिलं होतंस. मी काय केलं? म्हटलं, बरा झाला की तूच शिकव त्यांना. आणि घड्याळ पाहून उठलो. दारातून मागं वळलो तेव्हा तू डोळे मिटले होतेस. मला वाटलं, झोप लागली.

तुझ्या पुण्यानुमोदनाला सौंसरहून एक लंगडणारा माणूस आला होता. मी आधी ओळखलं नाही, अंगानं सुटलाय. प्रभाकर. सौंसरजवळच मोहगावला कापडाचं दुकान आहे त्याचं. माझ्या शेजारीच येऊन बसला आणि आपण होऊन बोलायला लागला. म्हणाला, सुखदेवभाऊ वर्षात दोनदा यायचे, संत्र्याचा आंबिया बहार निघाला की एकदा आणि मृग बहार निघाला की एकदा, पिशवीभर संत्री घेऊन. दुकानाच्या पायरीवर बसायचे, पायाचं विचारायचे, चहा घ्यायचे, जायचे. "एक खड्डा चुकला त्यायच्यानं," तो म्हणाला, "पण माणूस चुकला नाही." मग माझ्याकडे वळून, "तुमी मास्तर ना? लय हसवता म्हणत तुमी."

ज्या खड्ड्याला तू हात लावला नव्हतास, त्यासाठी तू चार वर्षं त्याच्या पायरीवर जाऊन बसलास. आणि त्या क्षणी तरी मी सांगायला हवं होतं ना? मी म्हटलं, हो हो, मीच तो. आणि त्याला चपातीनं फळा पुसल्याची गोष्ट सांगितली. तुझ्या फोटोसमोर, मेणबत्त्या जळत असताना. तो हसला, भला माणूस आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुझ्या घरी आलो. कमलवहिनी चुलीपाशी भाकरी करत होत्या. मी उंबऱ्याशी बसलो. या खेपेला कुठंही उतरलो नाही. पंचांग, कोट, बीच में, चौथा खड्डा, त्यावरचा नाच, सगळं सांगितलं. एवढ्या वेळात एकदाही कुणी हसलं नाही, माझ्या आयुष्यातली ती पहिली गोष्ट. वहिनींनी तव्यावरची भाकरी उलटली, मग विस्तवाला लावली.

म्हणाल्या, त्यांना त्याच संध्याकाळपासून ठाऊक आहे. तू घरी येऊन हात धुताना सांगितलं होतंस. वर म्हणाला होतास, मास्तर उद्या सांगन, त्याच्या पोटात काही राहत नाही. उद्या गेला. मग तू म्हणायचास, माइकवर सांगन, त्याले माइक लागते. म्हणून प्रत्येक कार्यक्रमाला धुतलेला शर्ट घालून जायचास, आणि मी माइकवरून उतरलो की गाणं ऐकायला न थांबता घरी यायचास.

मी तुझं गाणंसुद्धा बंद केलं होतं, सुखदेव, आणि भांडण जिंकलो म्हणून गावभर सांगत होतो.

मी विचारलं, वहिनी, आता मी काय करू. वाटलं होतं, रडतील, किंवा जाऊ द्या म्हणतील. त्यांनी भाकरी टोपल्यात टाकली, परातीतल्या पिठाचा पुढचा गोळा घेतला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाल्या,

"ड्रायव्हरच्या गळ्यात हार घातला, ते साऱ्या गावाले माइकवर सांगता, भाऊजी. अन् हे माह्या चुलीपाशी येऊन सांगून राहिले, ते बी माणूस मेल्यावर."